माझा ईएसआर १४ आला, तेव्हा मी पुरती फसलेली होते

मी कोल्हापुरातील एका पतसंस्थेत गेली एकवीस वर्षे रोखपाल म्हणून काम करते. खोटी नोट हातात आली की डोळ्यांआधी बोटांना कळते, असा आमच्या कामात एक अभिमान असतो आणि तो मलाही होता. नोव्हेंबर २०२१ ते जून २०२२ या काळात एका माणसाने औषधाच्या नावाखाली माझ्याकडून ४०,८०० रुपये घेतले. ही रक्कम मी दर पंधरवड्याला स्वतःच्या हाताने मोजून दिली आणि एकदाही पावती मागितली नाही. पैशांचे दुःख आता ओसरले आहे. शरीराचे जे नुकसान झाले ते मात्र अजून भरून निघालेले नाही, आणि ज्या वाटेने हा माणूस माझ्यापर्यंत पोहोचला ती वाट कोणत्याही दीर्घ आजाराच्या रुग्णाच्या घरापर्यंत जाते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मला आमवात आहे. डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो. २०१९ च्या पावसाळ्यात तो सुरू झाला तेव्हा सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नसे आणि नोटांच्या बंडलाचे रबर काढताना डोळ्यांत पाणी येई. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या निदानाच्या दोन्ही रक्ततपासण्या पॉझिटिव्ह आल्या, अंगातली सूज दाखवणारा ईएसआर ६४, म्हणजे बराच जास्त होता. तज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायला सांगितल्या, दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड, आणि दर दोन-तीन महिन्यांनी रक्तपेशींची व यकृताची तपासणी. या औषधाचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, हेही त्यांनी सांगितले होते. मला गुण आला, पण पुरता आला नाही. सोमवारी गोळ्या घेतल्या की मंगळवार मळमळण्यात जाई, विंचरताना केस हातात येत, आणि ‘हे तर कॅन्सरचे औषध’ असे शेजारणीने सांगितल्यापासून गोळ्यांची पट्टी फोडताना माझा हात कचरू लागला. शेजारणीचे म्हणणे खोटे नव्हते. काही कर्करोगांत हेच औषध कितीतरी पट मोठ्या मात्रेत देतात. त्या मात्रेत आणि माझ्या मात्रेत किती अंतर आहे, हे मला ठाऊक नव्हते आणि मी डॉक्टरांना विचारलेही नाही.

ज्यांना असा आजार नाही त्यांना वाटेल की शंका होती तर डॉक्टरांकडे जायचे होते. परंतु रक्ताचा अहवाल संध्याकाळी मोबाइलवर येतो, मर्यादेबाहेरचे आकडे त्यात ठळक छापलेले असतात, आणि डॉक्टरांची पुढची तारीख दीड महिन्यावर असते. तो दीड महिना माणूस आपल्यासारखाच आजार असलेल्यांना विचारून काढतो. आमचाही असा एक कट्टा जमला होता. रंकाळ्याच्या पदपथावर, शालिनी पॅलेसच्या बाजूला, सकाळी फिरायला येणाऱ्या आम्ही सहा जणी, सगळ्यांची बोटे कमी-अधिक सुजलेली. त्या कट्ट्याने मला पुष्कळ काही दिले, हे प्रथम नमूद करायला हवे. लाटण्याच्या टोकांना कापड गुंडाळून पकड जाड केली की पोळ्या लाटताना मनगट दुखत नाही, सकाळी पाच मिनिटे कोमट पाण्यात हात बुडवले की बोटे लवकर सुटतात, गोळ्या रात्री जेवणानंतर घेतल्या तर बरीचशी मळमळ झोपेतच निघून जाते, हे सारे मला तिथे कळले. गोळ्यांच्या वेळेबद्दल मी पुढे डॉक्टरांना विचारले आणि त्यांनीही होकार दिला.

या कट्ट्यावर सप्टेंबरच्या अखेरीस एक साठीचे गृहस्थ येऊ लागले. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो. आपल्यालाही हाच आजार होता, असे ते सांगत, आणि ‘होता’ या शब्दावर जोर देत. त्यांनी पहिला महिनाभर काहीही विकले नाही. ते फक्त ऐकत, आणि आमचे अहवाल वाचत. माझ्या आयुष्यात माझा अहवाल इतक्या सावकाश, एकेका ओळीवर बोट ठेवून, दुसऱ्या कोणीही वाचलेला नाही. पुढे आम्ही सगळ्या आपापल्या फायली प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरायला येऊ लागलो. ते लाल पेनाने आकड्यांभोवती गोल करीत आणि म्हणत, “वैनी, डॉक्टर कागद बघत्यात, बोटं कोण बघतंय?” हे वाक्य मनात घर करून बसले, कारण त्यात थोडे तथ्य होते.

त्यांनी आमच्या मनात पहिली चुकीची गोष्ट भरवली ती आरए फॅक्टरविषयी. हा आकडा निगेटिव्ह झाल्याशिवाय आजार गेला असे म्हणता येत नाही, तुमच्या डॉक्टरांच्या औषधाने तो हलत नाही, म्हणजे औषध लागू नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. मी त्यांच्या सांगण्यावरून तीन वेळा ही तपासणी केली. वस्तुस्थिती अशी की आरए फॅक्टर मुख्यतः निदानासाठी पाहतात. आजार आटोक्यात आहे की नाही हे ठरवण्यासाठी तो पुन्हा पुन्हा मोजण्याचा उपयोग नसतो, आजार शांत असलेल्या रुग्णातही तो पॉझिटिव्ह राहू शकतो आणि निरोगी माणसातही कधी कधी सापडतो. शिवाय निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या पद्धती वेगळ्या असल्याने एकीकडचा आकडा दुसरीकडच्या आकड्याशेजारी ठेवून फरक मोजता येत नाही. हे मला खूप उशिरा समजले. त्या वेळी मात्र तो न हलणारा आकडा डॉक्टरांविरुद्धचा पुरावा वाटला.

मग त्यांनी स्वतःचे दोन अहवाल दाखवले: आधीचा ईएसआर ७८, नंतरचा १२. वरचा भाग त्यांनी दुमडून धरला होता. मी मोबाइलवर फोटो काढू का, असे विचारले, तेव्हा त्यांनी आनंदाने काढू दिला. औषध कोणते, असे आम्हीच विचारले. त्यांनी स्वतःहून नाव काढले नाही. एका ओळखीच्या माणसाकडून जडीबुटीची पुडी मिळते, तो जाहिरात करत नाही, आपण मागवून देऊ, एवढेच ते म्हणाले. पंधरा दिवसांच्या पुड्या १,८०० रुपयांना, अशा मी सोळा वेळा घेतल्या आणि मध्यंतरी ‘हाडांत मुरलेला आजार काढण्यासाठी’ एका भस्माचे १२,००० रुपये वेगळे दिले. पांढऱ्या कागदात बांधलेली तपकिरी पूड, वर नाव नाही, घटक नाहीत, काहीच नाही. मेथोट्रेक्सेट बंद करा, दोन्ही औषधे अंगात भांडतील, असे त्यांनी सांगितले आणि मी ते बंद केले. डॉक्टरांना सांगितले नाही. त्यांच्याकडे जाणेच थांबवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझी मूठ वळली. दोन वर्षांनी वळली. हा अनुभव न सांगता पुढे गेले तर माझी फसवणूक मूर्खपणाची वाटेल. त्या सकाळी मी चहाचा कप एका हाताने उचलला, आणि काउंटरवर पाचशेच्या नोटांचे बंडल यंत्राशिवाय मोजले. महिनाभराने मी माझ्या खात्रीसाठी, काकांना न सांगता, दुसऱ्या प्रयोगशाळेत रक्त दिले. ईएसआर १४ आला, सूज दाखवणारी दुसरी तपासणी, सीआरपी, तीही मर्यादेत. अहवाल खरा होता, प्रयोगशाळा प्रामाणिक होती, आकडा अचूक होता. माझी उरलीसुरली शंका त्या कागदाने संपवली.

त्यानंतरची लक्षणे मी आज ओळीने सांगू शकते. तेव्हा ती सुटी सुटी होती आणि प्रत्येकाला काकांकडे उत्तर होते. चेहरा गोल झाला, गालफडे भरली, तर ‘अंगाला लागतंय’. आठ महिन्यांत नऊ किलो वजन वाढले, तर भूक सुधारली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप लागेना, तर ताकद आली. दंडाला साधा धक्का लागला तरी काळेनिळे डाग पडू लागले, तर जुने रक्त बाहेर पडते आहे. संस्थेच्या आरोग्य तपासणीत उपाशीपोटी साखर १८६ आली, पूर्वी ती कधीही शंभरच्या वर नव्हती, तेव्हा ते म्हणाले की औषध उष्णता बाहेर काढते आहे. नातेवाईक मात्र लग्नकार्यात भेटले की तब्येत सुधारली म्हणून कौतुक करीत, आणि मलाही ते ऐकायला बरे वाटे.

जून २०२२ मध्ये, दोन वर्षांच्या खंडानंतर पायी वारी निघाली. काकांनी आपण वारीला जात असल्याचे सांगितले आणि पुड्या परत आल्यावर देतो म्हणाले. माझ्याकडच्या पुड्या संपल्यावर पाचव्या दिवशी मला उलट्या सुरू झाल्या, सांधे एकदम पेटले, आणि सहाव्या दिवशी मी काउंटरवरच खाली कोसळले. सहकाऱ्यांनी राजारामपुरीतील एका रुग्णालयात नेले तेव्हा रक्तदाब ८४/५० होता आणि रक्तातले सोडियम १२४, दोन्ही बरेच खाली. तिथल्या डॉक्टरांनी माझा चेहरा आणि दंडावरचे डाग पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, “कुठली पुडी घेत होता?” त्यांनी हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याआधी कॉर्टिसॉलसाठी रक्त काढून घेतले. ते १.४ आले. इतक्या आजारी अवस्थेत ते भरपूर वाढलेले असायला हवे होते.

त्यांनी समजावले ते असे. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक बनवतात. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळत राहिले की मेंदूकडून या ग्रंथींना येणारा हुकूम थांबतो आणि त्या झोपी जातात. मग बाहेरचे स्टेरॉइड एकाएकी बंद झाले तर शरीराकडे स्वतःचे काहीच उरत नाही. रक्तदाब कोसळतो आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडची गोळी कुटून मिसळण्याचा प्रकार त्यांना नवा नव्हता. स्टेरॉइड स्वतः वाईट नाही. आमवाताचे डॉक्टरही ते देतात, पण मोजून देतात, साखर व हाडे तपासत देतात आणि हळूहळू उतरवत नेतात. सूज झपाट्याने उतरवणे हेच त्याचे काम असल्याने ईएसआर आणि सीआरपी खाली येणारच. म्हणजे ज्या अहवालावर मी विसंबले तो औषध शुद्ध असल्याचा दाखला कधीच नव्हता. वर्षानुवर्षांचा आमवात तीन दिवसांत आणि तोही जडीबुटीने ओसरतो, इथेच मला खोट्या नोटेचा स्पर्श कळायला हवा होता.

रुग्णालयातील खाटेवर पडल्या पडल्या मी काकांच्या अहवालाचा तो फोटो मोठा करून पाहिला. नाव दुमडीत गेले होते, पण त्याखालच्या ओळीचा शेवट दिसत होता: ‘फिमेल, ४४ वर्षे’. आठ महिने तो फोटो माझ्या पर्समध्ये होता. धनादेशावरची सही आणि तारीख रोज शंभर वेळा तपासणाऱ्या बाईने हे पाहिले नाही, कारण अहवाल दाखवणारा स्वतःला रुग्ण म्हणवत होता, आणि विक्रेत्याकडे पाहायची नजर मी रुग्णाकडे पाहताना वापरली नव्हती. १० जुलैची आषाढी एकादशी झाली, काका परतले नाहीत. त्यांचा फोन बंद झाला. त्यांचा पत्ता आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हता.

कायद्याविषयी थोडे लिहिते, कारण आम्हाला वाटत होते की त्याने जाहिरातच केली नाही तर तक्रार कशाची करणार. औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या परिशिष्टात ज्या ५४ विकारांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरात करण्यास मनाई आहे त्यांत संधिवात आणि मधुमेह दोन्ही आहेत, आणि या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे तोंडी केलेली घोषणाही जाहिरातीत मोडते. परवानाधारक आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटक छापणे बंधनकारक असते. माझ्या ओळखीच्या एका वैद्यांनी तर सांगितले की आपल्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक नसेल तर रुग्णाने पैसेच देऊ नयेत. आम्ही पोलीस ठाण्यात आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली, परंतु मी स्वतः रिकाम्या हाताने गेले होते: पावती नाही, वेष्टन नाही, शेवटची पुडी संपलेली, सगळा व्यवहार रोखीचा. कट्ट्यावरच्या एकीकडे दोन पुड्या शिल्लक होत्या, त्या तक्रारीसोबत जोडल्या.

माझ्या ग्रंथी जाग्या व्हायला नऊ महिने लागले. त्या काळात हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या थोड्या थोड्या कमी करत नेल्या, साखर बरीच उतरली, हाडांची घनता मात्र वयाच्या मानाने कमी भरली आहे. मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू आहे आणि सध्या ईएसआर ३० च्या आसपास असतो.

ज्यांच्या घरी अशी पुडी आज चालू आहे त्यांनी हे वाचून ती आज रात्री फेकून देऊ नये. मी पडले ती पुडी घेतल्यामुळे नव्हे, ती एकदम सुटल्यामुळे. पुडी, तिचा कागद, असतील ते जुने अहवाल घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जावे आणि किती महिने, दिवसातून किती वेळा घेतली ते न लपवता सांगावे. कमी कसे करायचे ते डॉक्टर ठरवतील. उलट्या, चक्कर किंवा गळाठा आधीच सुरू झाला असेल तर उद्याची वाट न पाहता थेट रुग्णालयात जावे. हेच सांगण्यासाठी मी दुसऱ्या दिवशी सलाईन चालू असतानाच कट्ट्यावरच्या पाचही जणींना फोन केले. तिघी त्याच दिवशी तपासायला गेल्या. चौथीच्या मुलाने फोन उचलला. तिला आदल्या रात्रीच इचलकरंजीत दाखल केले होते, आणि ती पुडीचे नाव काढायला तयार नव्हती म्हणून तिथल्या डॉक्टरांना निदान लागत नव्हते. ते मी त्या मुलाला सांगितले. पाचवीने माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली की तिच्याकडे अजून महिनाभराच्या पुड्या आहेत, आणि तिचा ईएसआर ११ आहे.