डिस्क वारंवार जात असतील तर: तयार नॅस बॉक्स की स्वतः जोडलेला सर्व्हर?

घरच्या सर्व्हरमधली एखादी डिस्क जाणं स्वाभाविक आहे. पण एक बदलली, काही महिन्यांत दुसरी गेली, मग तिच्या जागी आणलेलीही कुरकुरायला लागली, तर नवीन डिस्कवर पैसे घालण्याआधी त्या ज्या यंत्रात बसवल्या आहेत त्याचा विचार करावा. तिथवर पोचलेल्यांपुढे साधारण दोन वाटा असतात. पहिली म्हणजे चार खणांचा तयार नॅस बॉक्स (घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणारं छोटं यंत्र), दुसरी म्हणजे साध्या कॅबिनेटमध्ये स्वतः जोडलेला आणि ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट या फाइली साठवण्यासाठीच्या प्रणालींवर चालणारा सर्व्हर. मी दोन्ही घरी वापरले आहेत. प्रोसेसर, रॅम, पोर्ट यांच्या तुलना भरपूर मिळतात, म्हणून त्यात शिरत नाही. डिस्क वारंवार जात असताना कोणतं यंत्र आपल्याला कारणापर्यंत पोचू देतं, एवढंच इथे पाहतो.

बॉक्सच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. डिस्क सरकवली की थेट आतल्या बोर्डाच्या कनेक्टरमध्ये बसते, सैल केबलचा प्रश्नच नाही. आवाज कमी, जागा कमी. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो आपोआप चढतात आणि कोणाला काही शिकवावं लागत नाही. विजेचा फरकही खरा आहे: जुना डेस्कटॉप बॉक्सपेक्षा ३० वॅट जास्त ओढत असेल आणि रात्रंदिवस चालू असेल, तर महिन्याला साधारण २२ युनिट वाढतात.

आता ज्या एका त्रासाने माझा निर्णय झाला तो सांगतो. आमच्या बॉक्समधली तिसऱ्या खणातली डिस्क अधूनमधून बाहेर फेकली जायची. दिवा नारिंगी, बीप चालू, पडद्यावर ‘डिग्रेडेड’, म्हणजे एक डिस्क कमी पडली आहे. कंपनीच्या मदतकेंद्राचं उत्तर ठरलेलं: डिस्क बदला. वॉरंटीतून बदलून आणली, तीही काही आठवड्यांनी त्याच खणातून पडली. पडलेली डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिची, लांब चाचणी घेतली, तर निर्दोष. ५ क्रमांकाचा रिअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बाजूला काढलेले भाग) शून्य, १९७ म्हणजे पेंडिंग सेक्टर (वाचताना अडलेले, संशयित भाग) शून्य. वाढला होता तो फक्त १९९, म्हणजे सीआरसी एररचा, डेटा पोचताना झालेल्या चुकांचा आकडा.

५, १९७ आणि १९८ (न वाचता आलेले सेक्टर) वाढत असतील तर दोष डिस्कच्या तबकडीत शोधावा. एकटा १९९ वाढत असेल तर डेटा डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेत बिघडतो आहे. हा आकडा पुन्हा कधी कमी होत नाही, त्यामुळे तो किती आहे यापेक्षा आज किती आणि पुढच्या आठवड्यात किती, हे लिहून ठेवणं महत्त्वाचं. साध्या सर्व्हरमध्ये अशा वेळी डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल बदलायची, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ती शे-दोनशे रुपयांत मिळते. बॉक्समध्ये केबलच नाही. आहे तो बोर्ड, आणि तो वेगळा विकत मिळत नाही.

दुसरा संशयित अॅडॅप्टर. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर सुमारे दोन अँपिअर ओढते. चार एकदम सुरू झाल्या तर आठ अँपिअर, म्हणजे शंभरेक वॅट. म्हणून बरेच बॉक्स त्या एकामागोमाग एक सुरू करतात. अॅडॅप्टर जुना झाला की मल्टीमीटरवर १२ व्होल्ट दाखवतो, भार आला की खाली येतो आणि एखादी डिस्क क्षणभर गायब होते. तपासायचं तर तसाच दुसरा अॅडॅप्टर हवा, आणि त्याची पिन इतकी वेगळी असते की कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. थर्मामीटर ताप आहे एवढंच सांगतो, तसं त्या नारिंगी दिव्याचं होतं. दोष बोर्डाचा की अॅडॅप्टरचा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यात भर म्हणजे डिस्क परत घेतली की आमचा बॉक्स दर वेळी पहिल्यापासून रीबिल्ड करायचा, म्हणजे उरलेल्या डिस्कवरून तिचा सगळा डेटा नव्याने लिहायचा. ८ टीबीची डिस्क सेकंदाला १८० एमबीने सलग लिहिली गेली तरी १२ तासांहून जास्त लागतात, आणि तेवढा वेळ उरलेल्या सगळ्या डिस्क पूर्ण वाचल्या जातात. त्या काळात दुसरी पडेल की काय, ही काळजी झोपू देत नाही.

मी जोडलेल्या सर्व्हरवर झेडएफएस ही फाइलप्रणाली आहे, दोन-दोन डिस्कच्या मिरर जोड्या, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. झेडपूल स्टेटस ही आज्ञा देऊन पाहिलं की प्रत्येक डिस्कपुढे रीड, राइट आणि चेकसम असे तीन वेगळे रकाने दिसतात. डिस्क थोडा वेळ बाहेर पडून परतली, तर त्या काळात जे बदललं तेवढंच झेडएफएस भरून काढतं, बहुतेक वेळा काही मिनिटांत. आणि तपासाला वाव असतो: केबल बदला, पोर्ट बदला, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठा) बदला, एका वेळी एकच गोष्ट, मग आकडे बघा. खोड डिस्कबरोबर फिरली तर डिस्क सदोष, जागेलाच चिकटून राहिली तर जागा. बॉक्समधून ‘फेल’ म्हणून काढलेल्या त्याच डिस्क आज माझ्याकडे विनातक्रार चालू आहेत. हे मोजमाप नव्हे, एका घरातला अनुभव आहे, पण माझ्यासाठी तो पुरेसा बोलका ठरला.

अर्थात या वाटेलाही काटे आहेत. साटाची वीजजोडणी कमी पडली की लोक मोलेक्स या जुन्या पद्धतीच्या वीजजोडणीवरून साटा काढणारं स्वस्त, साच्यात ओतलेलं कनेक्टर लावतात. त्यात आतल्या तारा एकमेकींना चिकटून ते जळाल्याची उदाहरणं आहेत. ते टाळा, पुरेशा साटा पिन असलेला चांगला एसएमपीएस घ्या. डिस्कची नावं बाय-आयडी पद्धतीने, सीरियल नंबरसकट ठेवा आणि तोच नंबर कॅबिनेटवर चिकटवा, म्हणजे घाईत चांगली डिस्क उपसली जाणार नाही. आणि हो, महिन्यातून एखादी संध्याकाळ या सर्व्हरला द्यावी लागते. ती देणं जमणार नसेल, तर माझं मत बाजूला ठेवा.

काही कारणं दोन्हीकडे सारखीच भोवतात. एसएमआर डिस्क (ज्यांत डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिल्या जातात) रीबिल्डमध्ये दमतात आणि निरोगी असूनही बाहेर फेकल्या जातात. वेस्टर्न डिजिटलच्या काही रेड डिस्कमध्ये हे तंत्र असल्याचं २०२० मध्ये उघड झालं, म्हणून मॉडेल क्रमांक पाहून सीएमआरच, म्हणजे पट्ट्या वेगळ्या ठेवणारीच डिस्क घ्या. साध्या डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायचा हट्ट मिनिटभरही धरू शकतात आणि उत्तर न आल्याने बाहेर फेकल्या जातात, नॅससाठीच्या डिस्क बहुधा सात सेकंदांत सोडून देतात. उन्हाची भीती मात्र थोडी कमी बाळगा. गूगलने २००७ मध्ये लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तापमानाचा संबंध अपेक्षेपेक्षा क्षीण निघाला, आणि पहिली स्कॅन एरर (पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) आलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता तशी एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट आढळली. त्या डिस्क डेटा सेंटरमधल्या होत्या, नागपुरातल्या मे महिन्यात बंद कपाटातल्या नव्हत्या, हे लक्षात ठेवून पंखा चालू ठेवावाच. वळवाच्या पावसात लाईट जाते-येते तेव्हा घरचा इन्व्हर्टर सर्व्हरला पुरेलच असं नाही, त्यासाठी वेगळा यूपीएस हवा. सॉकेटचं अर्थिंगही वायरमनकडून एकदा तपासून घ्या, जुन्या इमारतीत तर नक्कीच.

यावरून माझा कल कुठे आहे ते कळलंच असेल. तरी आई-बाबांच्या घरी, जिथे बिघडलं तर उघडून बघणारं कोणी नाही, तिथे मी आजही दोन खणांचा बॉक्सच ठेवीन. फक्त त्या मॉडेलचा मूळ अॅडॅप्टर त्याच दिवशी एक जास्तीचा मागवीन, मॉडेल बंद झाल्यावर तो शोधत बसावं लागतं.