एमसीबी मोठा टाकायचा की नवी लाईन ओढायची?

नवा गीझर बसवला आणि पहिल्याच थंडीत एमसीबी (जास्त प्रवाह गेला की लाईन आपोआप तोडणारा छोटा स्विच) पडायला लागला, की घरातून येणारी सूचना ठरलेली असते. "सोळाचा काढा आणि बत्तीसचा टाका की ओ, कटकटच नको!" कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं जुनं घर असो नाहीतर राजारामपुरीतला फ्लॅट, हे वाक्य वायरमनला ऐकावंच लागतं. एमसीबी बदलायला काही शे रुपये आणि दहा मिनिटं पुरतात. नवी लाईन ओढायची म्हणजे वायर आली, पट्टी किंवा पाईप आला, कदाचित भिंत फोडणं आलं आणि दिवसभराची मजुरी. स्वस्तातला उपाय आधी सुचणारच.

पण एमसीबी राखण करतो ती भिंतीतल्या वायरची. गीझरची नाही, आणि तुमचीही नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात.

आधी हिशेब करू. बल्ब असो की गीझर, घरात सगळ्यांना २३० व्होल्टच मिळतात. फरक पडतो तो अँपिअरमध्ये. वॉटला २३० ने भागा. २००० वॉटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर ओढतो, २००० वॉटची इंडक्शन शेगडीही तेवढेच, हजार वॉटची इस्त्री ४.३. सकाळी सातला हे तिन्ही एकाच पॉवर लाईनवर चालू असतील तर बेरीज २१.७ अँपिअर. १६ चा, म्हणजे १६ अँपिअरचा, एमसीबी अशा वेळी तडकाफडकी पडत नाही, आतली धातूची पट्टी तापेपर्यंत वेळ घेतो. मानकानुसार त्याच्या आकड्याच्या १.१३ पटीपर्यंत तो तासभर तग धरतो आणि १.४५ पटीला तासाभरात पडायलाच हवा. आपले २१.७ या दोन्हींच्या मधले. म्हणून तो कधी दहा मिनिटांत पडतो, कधी आंघोळ निम्म्यावर असताना, आणि घरच्यांना वाटतं एमसीबीच खराब आहे.

आता त्याच जागी ३२ चा टाकला तर? तो ३६ अँपिअरपर्यंत तासभर गप्प बसेल आणि ४६ ला गेल्यावरही पडायला तासभर घेऊ शकेल. भिंतीत अडीचची (अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर असेल तर पाईपमधून नेलेल्या त्या वायरची ऐपत साधारण १८ ते २० अँपिअरची. प्रवाह दुप्पट झाला की वायरीत तयार होणारी उष्णता चौपट होते. वायरीवरचं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं, त्याच्या वर ते कडक होत जातं. असा बोर्ड उघडला की दिसतं ते असं: लाल वायर टोकाशी चॉकलेटी झालेली, नखानं दाबलं तर आवरणाचा तुकडा हातात येतो, आणि स्क्रूखालचं तांबं काळवंडलेलं. एमसीबी मात्र नवा कोरा, एकदाही न पडलेला.

बदलण्याआधी एक गोष्ट जरूर बघा. कधी कधी लोड खरंच कमी असतो आणि एमसीबी पडतो, कारण त्याचा स्क्रू ढिला असतो. ढिला सांधा तापतो आणि त्या उष्णतेनं एमसीबी लवकर पडतो. मेन बंद करून सगळे स्क्रू आवळून घ्यायचे, फुकटात काम होतं. हे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, कारण मेन पाडला तरी मीटरकडून येणारी वायर जिवंतच राहते.

१६ चा काढून २० चा टाकणं मात्र नेहमीच चूक नसतं. त्या लाईनला आधीपासून चारची वायर असेल तर टाकता येतो, पाईपमधून चारची वायर साधारण २४ अँपिअर सहज नेते. अट एवढीच, की ती डीबीपासून (सगळे एमसीबी बसवलेल्या डबीपासून) प्लगपर्यंत सलग चारची असली पाहिजे. डीबीजवळ चारची आणि पुढे स्विचबोर्डातून अडीचची जोडलेली, असा प्रकार पुष्कळ घरांत निघतो. वायरीच्या आवरणावर छापलेला आकडा दोन्ही टोकांना वाचून बघा. जुन्या पेठांतल्या घरांत लाकडी पट्टीतून गेलेल्या वायरींवर काहीच वाचता येत नाही. तिथे अंदाजावर जाऊ नका, नवीन लाईनच ओढा.

अडीच की चार

मोठ्या उपकरणाला स्वतंत्र लाईन द्यायचीच असं ठरलं, तर २ किलोवॉटच्या साठवणीच्या गीझरला किंवा एक टनाच्या एसीला अडीचची वायर आणि १६ चा एमसीबी पुरतो. तरीही नव्यानं ओढत असाल तर माझं मत चारच्या बाजूनं आहे. वायरीच्या किमतीतला फरक जाणवतो, पण भिंत फोडण्याची मजुरी दोन्हीला सारखीच. आणि घरात आज एक टनाचा एसी असतो, चार वर्षांनी दीडचा येतो. दीड टनाच्या एसीला, ३ किलोवॉटच्या इन्स्टंट गीझरला चारचीच घाला.

गीझरचंच बोलायचं तर इन्स्टंटवाले "वीज वाचते" म्हणतात, ते अर्धवट खरं आहे. साठवून ठेवलेलं पाणी निवतं, तेवढं वाचतं, इतकंच. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला २ किलोवॉटच्या गीझरला साधारण २१ मिनिटं लागतात, आणि मग त्यात थंड पाणी मिसळून बादल्या भरतात. ३ किलोवॉटचा इन्स्टंट थंडीच्या सकाळी मिनिटाला दोनेक लिटरच कोमट पाणी देतो, आणि तेवढा वेळ १३ अँपिअर सलग ओढतो. बंबातल्या पाण्यानं आंघोळ करायची सवय असलेल्या कोल्हापूरच्या घरात त्या धारेवर कुणी खूष होत नाही. स्वयंपाकघरातल्या सिंकला तो चांगला. साडेचार किलोवॉटचा तर जवळजवळ २० अँपिअर ओढतो, तो १६ अँपिअरच्या प्लगवर चालवायचाच नाही. त्याला डीपी स्विचमधून (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या स्विचमधून) थेट जोडणी आणि २५ चा एमसीबी, म्हणजे वायरींच्या ऐपतीच्या तक्त्यात २५ अँपिअरच्या वरची वायर, बहुधा सहाची.

बी की सी, हा वाद दुकानात रंगतो, घरात फारसा महत्त्वाचा नाही. बी जातीचा एमसीबी आकड्याच्या ३ ते ५ पट प्रवाहाला क्षणात पडतो, सी जातीचा ५ ते १० पटीला. गीझर, इस्त्री यांना बी पुरतो. कॉम्प्रेसर किंवा मोटर सुरू होताना झटका घेते, तिथे सी. दुकानदार सगळीकडे सीच देतात, चालून जातं.

माणसासाठी काय?

इथे पैसे घालायला मी जास्त आग्रह करतो. गीझरचं एलिमेंट फुटलं आणि पाण्यात करंट उतरला, तर माणसाच्या अंगातून जाणारे काही मिलिअँपिअर सोळाच्या एमसीबीच्या खिजगणतीतही नसतात. त्यासाठी आरसीसीबी हवा, जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. फेजमधून (जिवंत वायरीतून) गेलेला प्रवाह न्यूट्रलनं (परतीच्या वायरीनं) पूर्ण परत आला का हे तो बघतो, आणि ३० मिलिअँपिअरची तूट दिसली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत तोडतो. घेताना ३० चाच घ्या. १०० किंवा ३०० चे असतात ते आगीसाठी, माणसासाठी नाहीत. आणि आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही, त्यामुळे एमसीबी लागतोच.

पर्याय दोन. मेनला एकच आरसीसीबी, किंवा धोक्याच्या प्रत्येक लाईनला आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डबीत. एकाच आरसीसीबीत खर्च कमी. पण कोल्हापूरचा पाऊस आठवा. जुलैत गच्चीवरच्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी शिरतं, आणि रात्री दोनला अख्खं घर अंधारात जातं, फ्रिजसकट. असं दोन-तीनदा झालं की घरातलंच कुणीतरी वायरमनला सांगून आरसीसीबी बायपास करून टाकतं. मग तो बोर्डावर शोभेला उरतो.

आरसीबीओ लावले तर फक्त गच्चीची लाईन पडते. किंमत मात्र एमसीबीच्या कित्येक पट, आठ-दहा लाईनींना लावायचे तर बजेट कोलमडतं. मला मधला मार्ग बरा वाटतो: बाथरूमचे गीझर, स्वयंपाकघर आणि बाहेरच्या लाईनींना आरसीबीओ, बाकी घराला मिळून एक आरसीसीबी. तेही झेपत नसेल तर दोन आरसीसीबी घेऊन घर दोन भागांत वाटून घ्या, फ्रिज आणि गच्ची वेगवेगळ्या भागात.

जुन्या घरात आरसीसीबी बसवल्या क्षणी पडायला लागला तर त्याला दोष देऊ नका. बहुतेकदा न्यूट्रलची सरमिसळ झालेली असते. एका लाईनचा फेज, दुसरीचा न्यूट्रल, वरच्या मजल्याचा न्यूट्रल खालच्या बोर्डात बांधलेला. घरात इन्व्हर्टर असेल तर हमखास. इन्व्हर्टरच्या लाईनींचा आणि बाकीच्या घराचा न्यूट्रल एकच ठेवलेला असतो, आणि आरसीसीबीला तूट दिसते. न्यूट्रल वेगळे करणं हे किचकट काम आहे, वायरमन त्याचे वेगळे पैसे मागेल आणि ते रास्त आहेत. अर्थिंग नाही म्हणून प्लगमध्ये अर्थची पिन न्यूट्रललाच जोडून देणारेही भेटतात. वाटेत न्यूट्रल तुटला की गीझरचं अंगच फेजला लागतं. असं काम दिसलं तर त्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नका.

सिंगल फेज की थ्री फेज

एक गीझर, एक एसी, इंडक्शन, पंप एवढंच असेल तर सिंगल फेज पुरतो. ४० अँपिअरच्या मेनवर ९ किलोवॉट मिळतात, आणि हे सगळं एकदम क्वचितच चालतं. महावितरणचा मंजूर भार तेवढा आहे का हे बिलावर बघा, नसेल तर वाढवून घ्या. दोन-तीन एसी, दोन बाथरूम, इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर असं जमत चाललं असेल तर थ्री फेजचा विचार करा. लोड तीन फेजवर वाटला जातो, एक फेज गेला तरी निम्मंअधिक घर चालू राहतं. स्थिर आकार मात्र सिंगल फेजपेक्षा जास्त, आणि डीबी, चार पोलचा आरसीसीबी, सगळंच महाग. शिवाय थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला तर एखाद्या फेजवर ४०० व्होल्टच्या आसपास चढू शकतात आणि त्या बाजूचे टीव्ही, चार्जर जळतात. मोठं घर आहे म्हणून प्रतिष्ठेसाठी थ्री फेज घेऊ नका.

पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात राहत असाल तर यापेक्षा वेगळाच निर्णय आधी घ्यावा लागेल. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कुठवर आलं होतं हे भिंतीवर दिसत असेल, डीबी त्याच्या वर घ्या. तळमजल्याच्या लाईनी वेगळ्या एमसीबींवर ठेवा, म्हणजे पाणी येताना तेवढ्याच बंद करून वरचा मजला चालू ठेवता येतो. पाणी ओसरल्यावर मेगर (वायरीचं आवरण शाबूत आहे का हे मोजणारं यंत्र) लावून वायरिंग तपासल्याशिवाय मेन चढवू नका, आणि पाण्यात बुडालेला एमसीबी किंवा आरसीसीबी वाळवून परत वापरू नका. बाहेरून तो ठणठणीत दिसतो, पण आतल्या यंत्रणेत गाळ अडकलेला असतो आणि तोडायच्या वेळी तो तोडेलच याची खात्री उरत नाही.