‘द ऑर्डर: १८८६’ : काही महिने खेळून झाल्यावरचा अनुभव

या गेममध्ये झाशीची राणी आहे. नुसता उल्लेख नाही, पडद्यावर चालतं-बोलतं पात्र आहे. १८८६ सालचं लंडन, तिथे ‘युनायटेड इंडिया कंपनी’ नावाची बलाढ्य कंपनी, आणि त्या कंपनीविरुद्ध उठलेल्या बंडखोरांची पुढारी लक्ष्मी. एका मित्राने हे सांगितलं तेव्हाच ठरवलं की हा गेम घ्यायचाच. म्हापशात जुनी डिस्क मिळाली. पावसाच्या तोंडावर घेतली होती, आता इथे डिचोलीत पहाटे गारवा जाणवायला लागला आहे. मधल्या काळात गेम संपवून पुन्हा पहिल्यापासून खेळलो, काही प्रकरणं तर वाटेल तेव्हा लावत आलो. एवढं खेळल्यावर लिहितोय ते मनापासून: इतकी मोठी निराशा मला दुसऱ्या कुठल्याही गेमने दिलेली नाही. टाकाऊ गेम असता तर आठवड्याभरात विसरलो असतो. हा विसरता येत नाही, कारण यात चांगलं खूप आहे आणि त्यातलं जवळजवळ काहीच खेळणाऱ्याच्या हाती येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फक्त पीएस-फोरसाठी, म्हणजे प्लेस्टेशन ४ या खेळयंत्रासाठी निघालेला हा थर्ड पर्सन शूटर (आपल्या पात्राला पाठीमागून बघत गोळीबार करायचा गेम) २० फेब्रुवारी २०१५ ला बाजारात आला. आपण सर गॅलहॅड, राजा आर्थरच्या गोलमेजाच्या परंपरेतला सरदार. ‘ब्लॅकवॉटर’ नावाचं एक काळसर पाणी पिऊन हे सरदार शतकानुशतकं जगतात, जखमाही त्यानेच भरून येतात. त्यांची लढाई माणूस आणि श्वापद यांच्या मधल्या लांडग्यासारख्या जमातीशी. निकोला टेस्ला त्यांना हत्यारं बनवून देतो. खरा टेस्ला १८८६ मध्ये अमेरिकेत होता, पण इथे तो लंडनच्या तळघरात आहे आणि शोभतो. सोबतीला लाफाएतही आहे, जो खऱ्या इतिहासात १८३४ मध्येच वारला. कल्पनाशक्तीला इथे काही कमी नाही.

आधी चित्राबद्दल, कारण तिथे शंभर टक्के गुण. ओल्या फरसबंदीवरचा दिव्याचा उजेड, कोटाच्या कापडाची वीण, धुक्यात विरघळणारी धुरांडी, पितळी कुलपांवरचे ओरखडे. इतकी वर्षं झाली तरी आज निघणाऱ्या कित्येक गेमना हे जमत नाही. जेसन ग्रेव्हजचं संगीतही तसंच: खर्जातली तंतुवाद्यं आणि पुरुषांचा गायकवृंद. हेडफोन लावून ऐकलं की खोलीचं वातावरण बदलतं.

पण सिनेमासारखं दिसावं म्हणून बनवणाऱ्यांनी पडदाच कापला आहे. चित्राचं प्रमाण २.४०:१, म्हणजे नेहमीच्या १०८० ओळींपैकी चित्राला फक्त ८००. वर-खाली काळ्या पट्ट्या, टीव्हीचा चौथा हिस्सा कायमचा काळा. सिनेमा बघताना या पट्ट्या डोळ्यांना सवयीच्या असतात, कारण कुठे बघायचं ते दिग्दर्शक ठरवतो. गोळीबारात कुठे बघायचं ते मला ठरवायचं असतं. भिंतीआड वाकून बसलं की गॅलहॅडची पाठ आणि ती भिंत मिळून उरलेल्या चित्राचा मोठा भाग झाकतात, आणि वरच्या गच्चीतून कोण नेम धरतोय ते कळायला कॅमेरा सारखा वर-खाली फिरवावा लागतो. मोठ्या टीव्हीवर हे चालून जातं. आमच्या बैठकीतल्या ३२ इंची टीव्हीवर दूरचे शत्रू ठिपक्याएवढे दिसतात. वेगही सेकंदाला ३० चित्रांचाच.

आता खेळण्याकडे येतो. खेळणं कमी आणि बघणं जास्त, ही तक्रार गेम आला तेव्हापासून आहे. मला वाटलं होतं ती अतिशयोक्ती असेल. नाही. काही प्रकरणं अशी आहेत की ज्यांत कंट्रोलर हातात घेण्याचं कारणच नाही, पूर्ण प्रकरण म्हणजे कटसीन, नुसतं बसून बघायचं दृश्य. उरलेल्यांतही बराच वेळ गॅलहॅड ठरावीक संथ चालीने कुणाच्या तरी मागोमाग चालत असतो आणि पळायचं बटण दाबलं तरी पळत नाही. टेबलावरचं पिस्तूल, छायाचित्र, वर्तमानपत्र उचलून उलटसुलट करून बघता येतं. पहिल्यांदा मजा वाटली. मग लक्षात आलं की बघून झाल्यावर त्या वस्तूचं काहीच होत नाही. ती परत ठेवायची आणि पुढे चालायचं.

या कटसीन सोडून पुढे जाता येत नाही, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात हा दोष फार महाग पडतो. जून-जुलैमध्ये इथे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. वादळी पावसात झाडाची फांदी तारेवर पडली की संध्याकाळ गेलीच. अशा वेळी गेम शेवटच्या चेकपॉइंटवरून, म्हणजे आपली प्रगती जिथे शेवटची नोंदली गेली तिथून परत सुरू होतो, आणि तो चेकपॉइंट एखाद्या लांबलचक संभाषणाच्या आधी असला तर ते संभाषण पुन्हा पहिल्या शब्दापासून ऐकावं लागतं. माझे कितीतरी संवाद त्यामुळे पाठ झाले आहेत. पावसाळी भागात राहत असाल तर हा गेम लहान यूपीएसशिवाय लावू नका. वीज अशी अचानक गेली की पीएस-फोरच्या हार्ड डिस्कलाही ते बरं नाही.

जिथे प्रत्यक्ष गोळीबार आहे तिथे हत्यारं छान आहेत, हे कबूल करायला हवं. थर्माइट रायफल ही तर खरोखर बुद्धीने रचलेली वस्तू. आधी धातूच्या भुकटीचा ढग सोडायचा, मग दुसऱ्या ट्रिगरने पेटती गोळी मारून तो ढग भडकवायचा. शत्रू आडोशाला असला तरी ढग आडोशामागे पोचतो, म्हणजे नेमापेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं. विजेची बंदूकही अशीच, ट्रिगर दाबून धरून तिच्यात वीज भरू द्यायची. ही दोन हत्यारं घेऊन कुणी अख्खा गेम बांधला असता तर मी आज वेगळंच लिहीत असतो. पण ती मोजक्या प्रसंगांत हातात देतात आणि लगेच काढून घेतात. बाकी सगळा वेळ साध्या बंदुका, कंबरेएवढ्या भिंती, समोरून येणारी माणसं. ‘गिअर्स ऑफ वॉर’ या गेमने ही पद्धत २००६ मध्येच रुळवली होती. नऊ वर्षांनंतर तिच्यात एक पाऊलही पुढे टाकलेलं दिसत नाही.

ज्या लांडग्यांच्या भीतीवर कथा उभी आहे, ते तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा भेटतात. अंधारात धावत अंगावर येतो, वेळेवर बटण दाबून चुकवायचा, तो परत अंधारात जातो, परत येतो. मोठ्या लढती म्हणजे पडद्यावर दिसेल ते बटण दाबायचं. सुरुवातीच्या भागातली एक झुंज आणि अगदी शेवटची झुंज यांची रचना जवळजवळ तीच आहे. कथेचा कळस म्हणून जी लढत येते तिथे माझ्या बोटांना आधीच सगळं माहीत होतं. चोरपावलांनी जायच्या बागेच्या प्रकरणात तर कुणी पाहिलं की थेट मृत्यू. निसटायची, लढून बघायची मुभाच नाही.

गोव्यात नाटकाच्या वातावरणात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लगेच जाणवेल. जत्रेतल्या नाटकात पडदा वर जातो, नेपथ्य बघून लोक टाळ्या वाजवतात, पण ती टाळी पहिल्या पाच मिनिटांपुरती असते. पुढचे तीन तास नटाला सांभाळावे लागतात. इथे नेपथ्य शेवटपर्यंत टाळी मागत राहतं.

आता ज्यासाठी हा गेम घेतला त्या गोष्टीकडे. कंपनीचा प्रमुख आहे लॉर्ड हेस्टिंग्ज. हे नाव आपल्याला नवीन नाही. लॉर्ड हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल असतानाच १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दुसऱ्या बाजीरावाला बिठूरला पाठवलं. त्याच बिठूरला पेशव्यांच्या आश्रयाला असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी मणिकर्णिका वाढली आणि पुढे झाशीची राणी झाली. १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ ती लढता लढता पडली, त्याच वर्षी खऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या हातून हिंदुस्थानचा कारभार गेला आणि १८७४ मध्ये कंपनीच मोडीत निघाली. गेमने हे सगळं उलटवलं आहे. कंपनी जिवंत, राणी जिवंत, आणि समोरासमोर लक्ष्मी आणि हेस्टिंग्ज. मराठी माणसासाठी यापेक्षा भारलेली मांडणी कुठल्या परदेशी गेममध्ये मला तरी दिसलेली नाही. बनवणाऱ्यांनी ही नावं जाणूनबुजून घेतली की सहज, याचा अंदाज कथेतून लागत नाही, कारण कथा त्या नावांना पुढे काही करूच देत नाही.

पहिला अर्धा भाग आपण लंडनमधल्या व्हाइटचॅपलच्या गल्ल्यांत बंडखोरांना मारत जातो. का मारतोय याचं उत्तर एवढंच की ते बंडखोर आहेत. सत्तरी तालुका माझ्या घरापासून लांब नाही. १८५२ मध्ये दीपाजी राणे पोर्तुगिजांविरुद्ध उठले, त्यांनी नाणूसचा किल्ला घेतला, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. राण्यांची बंडं हा इथल्या घराघरातला अभिमानाचा विषय आहे. त्यामुळे सरकारी सरदाराच्या अंगरख्यात शिरून बंडखोरांवर गोळ्या झाडताना मला अस्वस्थ व्हायला झालं, आणि ती अस्वस्थता मला आवडलीही. वाटलं, गेम आता हा प्रश्न विचारणार. गॅलहॅडला विचारतो, खरं आहे. त्याला शंका येते, तो लक्ष्मीला भेटतो, बाजू बदलतो. पण ते सगळं कटसीनमध्ये. माझ्या हाताला काहीच बदल नाही. आधी बंडखोरांवर भिंतीआडून गोळ्या, मग कंपनीच्या पहारेकऱ्यांवर त्याच भिंतीआडून त्याच गोळ्या. ज्यांना मारलं त्यांच्याबद्दल लक्ष्मीशी बोलायची संधी नाही, एखाद्या बंडखोराला सोडून द्यायचा पर्याय नाही.

एकदा आई स्वयंपाकघरातून येऊन उभी राहिली. “ही कोण रे?” म्हटलं, झाशीची राणी. तिने चष्मा लावून नीट बघितलं. “तू ती आहेस?” नाही, मी हा, व्हिक्टोरिया राणीचा सरदार. “मग हिला का नाही घेतली?” एवढं विचारून ती परत गेली. मी कित्येक महिने हा गेम खेळतोय, परदेशी समीक्षकांचं पुष्कळ वाचलं आहे, पण इतका नेमका प्रश्न कुणी विचारलेला मला आढळला नाही. लक्ष्मीला घेऊन खेळायचं एक प्रकरण, फक्त एक, यात असतं तर बाकी सगळ्या तक्रारी मी मागे घेतल्या असत्या.

चतुर्थीला घर भरलं होतं. माटोळी (गणपतीच्या वरची फळा-पानांची सजावट) बांधून झाली, आरत्या झाल्या, जेवणं झाली आणि मुलांनी टीव्हीकडे मोर्चा वळवला. बघायला हा गेम फार सुंदर, सगळे गप्प बसून बघत होते, आकाशनौकेवरचं प्रकरण तर मोठ्या माणसांनीही पाहिलं. पण दुसरा कंट्रोलर जोडायची सोय नाही, ऑनलाइन खेळायचंही काही नाही. बारा वर्षांच्या भाच्याने थोडा वेळ खेळून विचारलं, “मामा, मी खेळतोय की हे आपोआप चाललंय?” कंट्रोलर दुसऱ्याला देऊन तो फटाके उडवायला गेला. तसंही रक्तपात पाहता हा लहान मुलांसमोर लावायचा गेम नाही. मी नंतर ती डिस्क मुलं असताना बाहेर काढली नाही.

लांबी सहा-सात तासांची. मला लहान गेमबद्दल तक्रार नाही, आखीव गोष्ट सहा तासांत उत्तम सांगता येते. तक्रार ही की गोष्ट सांगून होत नाही. ब्लॅकवॉटर कुठून येतं, कंपनी जहाजांतून जे पाठवतेय त्याचं पुढे काय, लक्ष्मीच्या लढ्याचं काय, सगळं पुढच्या भागासाठी राखून ठेवलं आणि पडदा पाडला. तो पुढचा भाग कधी आलाच नाही. ज्या स्टुडिओने हा बनवला तो २०२० मध्ये दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतला आणि २०२४ मध्ये बंदच झाला. तिथे काम केलेल्या माणसांबद्दल मला वाईट वाटतं. त्या कपड्यांच्या सुरकुत्यांमध्ये, त्या दिव्यांच्या उजेडात कुणाच्या तरी वर्षांची मेहनत दिसते. ती मेहनत खोटी नव्हती. ती चुकीच्या जागी लागली असं माझं मत आहे.

पूर्ण झाल्यावर पुन्हा खेळायला कारण फारसं उरत नाही. ध्वनिमुद्रणाच्या नळकांड्या शोधून ऐकता येतात, त्यांत बऱ्याच रंजक गोष्टी आहेत. नंतरच्या अपडेटमध्ये आलेला फोटो मोड मी सर्वांत जास्त वापरला, आणि तोच या गेमचा सर्वांत मोकळा भाग आहे: कॅमेरा आपल्याला हवा तिथे नेता येतो.

घ्यायचाच असेल तर जुनी डिस्क स्वस्तात घ्या, नव्या गेमच्या किमतीला घेऊ नका. पीएस-फाइव्हवरही ती चालते, मात्र काळ्या पट्ट्या तिथेही आहेतच. टीव्ही मोठा हवा. व्हाइटचॅपलमध्ये घाई करू नका, वर्तमानपत्रं उघडून वाचा, त्यातून कंपनीबद्दल कळतं ते कथेतून कळत नाही. लक्ष्मी भेटेपर्यंत धीर धरायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मला तिच्या पहिल्या भेटीचं प्रकरण अजूनही अधूनमधून लावावंसं वाटतं.