केमो चालू असलेल्या मुलांसाठी रबरी व्यायामपट्टी: घ्यावी का?

नागपूरहून केमो घेऊन गावी परतलेल्या मुलासाठी दीड मीटरची सपाट रेझिस्टन्स बँड आम्हाला पॅडलच्या यंत्रापेक्षा उजवी वाटते. स्वस्त आहे, पिशवीत मावते. सगळ्यात हलकीच घ्या. रंग कंपनीगणिक बदलतो, म्हणून दुकानात ताणून पाहा.

खरा उपयोग पायाला. व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधामुळे पायाचा पंजा उचलायची ताकद कमी होते, मूल पाय घासत चालतं, ठेचकाळतं. मुलाला बाजेवर पाय लांब करून बसवा. पट्टीचा फास मोज्यावरून पंजाला अडकवा, टोकं पायथ्याच्या दांडीला बांधा. पंजा अंगाकडे ओढायचा, सावकाश सोडायचा; ८ ते १० वेळा. गुडघा वाकला, तर जोर मांडीचा लागतो आणि पंजा तसाच राहतो. म्हणून गुडघ्यावर हात ठेवा.

दोष उन्हाळ्यातला: पत्र्याखालच्या उकाड्यात रबर चिकटतं, चिरा पडतात, ताणताना तुटून डोळ्याला लागू शकतं. टाल्कम पावडर लावून गार जागी ठेवा, चीर दिसली की फेका. लॅटेक्सची ॲलर्जी असल्यास बिनलॅटेक्सची मागा.

ताप आला की व्यायाम बंद, लगेच दवाखाना. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) किती उतरल्यावर थांबायचं, तो आकडा डॉक्टरांकडून फाईलवर लिहून घ्या. पोर्ट किंवा पिक लाईन (औषध देण्यासाठी शिरेत बसवलेली नळी) असेल, तर हाताचे व्यायाम विचारूनच.