वंशावळीच्या कागदांना लिव्हर आर्च फाइल: घ्या, पण मूळ कागदाला पंच लावू नका

जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी जाड पुठ्ठ्याची, दोन कड्यांची लिव्हर आर्च फाइल घरच्या जुन्या कागदांना उत्तम. फक्त एफएस, म्हणजे ए४हून लांब फूलस्केप मापाची मागा. ए४ची उंची २९.७ सेंमी, जुनी खरेदीखतं, स्टॅम्प पेपर त्याहून लांब असतात. ए४ फाइलमध्ये ते खालून दुमडावे लागतात, घडी चिरते आणि नेमक्या साक्षीदारांच्या सह्या जातात.

दुकानातच खटका दाबून बघा. कड्यांची टोकं तंतोतंत जुळली पाहिजेत. केसभर फट असली तरी पान उलटताना अडकतं.

मूळ कागद पारदर्शक पाकिटात घालायचा, कडीत जाईल ते पाकीट. पाकीट पॉलिप्रॉपिलीनचं हवं. स्वस्त पीव्हीसीला उग्र वास येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पत्र्याच्या कपाटात ते मऊ पडतं आणि झेरॉक्सची शाई उचलून घेतं. टाचण्या, स्टेपल आधी काढा, त्यांचा गंज कागद खातो. लॅमिनेशन तर मुळीच नको; एकदा झालं की कागद परत मोकळा करता येत नाही.

फाइलचा खरा उपयोग कागदांच्या लावणीत आहे. माणसागणिक लावू नका, एकाच फेरफारात (जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीत) चार भावांची नावं असतात. गावागणिक लावा आणि सातबाऱ्यामागे लगेच त्यात नमूद केलेले फेरफार घाला. वारस नोंदीच्या फेरफारात मयताची तारीख, बायको, मुलं-मुली एकत्र सापडतात; वंशावळीचा कणा तोच. पहिल्या पानावरच्या यादीत जुना सर्व्हे नंबर आणि आताचा गट नंबर दोन्ही लिहा. जमिनीचे तुकडे जोडून गट केले त्या एकत्रीकरणात नंबर बदलले, त्यामुळे दोन्ही नसले तर साखळी तिथेच तुटते.

फाइलच्या पाठीवर आजचा जिल्हा लिहून भागत नाही. १९०६ साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, नंदुरबार तर १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. शहाद्याच्या एकाच शेताचे कागद म्हणून ‘खान्देश’, ‘पश्चिम खान्देश’, ‘धुळे’ आणि ‘नंदुरबार’ अशा चार नावांखाली निघतात. गाव आणि तालुका ठळक, जिल्ह्याची जुनी नावं खाली बारीक.

उणीव एकच, पण मोठी: फाइल वरून आणि बाजूंनी उघडी असते. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात माती झडते, पावसाळ्यात ओल येते, कसर लागते. फाइल भिंतीला टेकवू नका आणि खचाखच भरू नका. पाकिटांसकट शंभर पानं पुरे.

मोडीतल्या शिवलेल्या वह्या मात्र हिच्यात कोंबू नका, पाठ मोडते. त्यांना जुन्या कचेऱ्यांतला रुमालच बरा: धुतलेलं, खळ नसलेलं सुती कापड, आत दोन्ही बाजूंना पुठ्ठा, आडवी ठेवण, आणि गाठ वहीच्या कडेला, पानांवर नाही.