वर्गातील निरीक्षण की तज्ज्ञांचे मूल्यमापन?

पहिली-दुसरीतील मुलांमधील स्वमग्नता (ऑटिझम) वेळेत ओळखायची, तर शिक्षकांचे निरीक्षण आणि ‘आयसा’ या भारतीय मापनपट्टीवरील तज्ज्ञांचे मूल्यमापन हे दोन मार्ग समोर असतात. शिक्षक मुलाला रोज समवयस्कांमध्ये पाहतात. हाक मारूनही ते वळत नाही, ऐकलेलीच वाक्ये पुन्हापुन्हा म्हणते, तास बदलला की अस्वस्थ होते किंवा मधल्या सुट्टीच्या गोंगाटात कान झाकून घेते, हे दवाखान्यातील छोट्या भेटीत दिसेलच असे नाही. मात्र शांत बसणारी मुले, विशेषतः मुली, ‘लाजाळू’ ठरून नजरेआड होतात, आणि निरीक्षण म्हणजे निदान नव्हे.

‘आयसा’त ४० बाबींना प्रत्येकी १ ते ५ गुण देतात, एकूण ७० किंवा अधिक गुण स्वमग्नता दर्शवतात. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही हीच पट्टी वापरली जाते.

माझ्या मते सुरुवात वर्गातूनच व्हावी. शिक्षकांनी तारीखवार नोंदी ठेवून त्या पालकांना विश्वासात घेऊन दाखवाव्यात, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकाकडे द्याव्यात, आणि मूल्यमापनाची वाट न पाहता चित्रांचे वेळापत्रक, शांत कोपरा अशी मदत लगेच सुरू करावी.