कळंगुटचं वेलनेस दुकान की घरपोच पार्सल? दोन्हीकडे पैसे घालून लिहितेय

मी गोव्यात, म्हापशात छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटी रिटर्न बघते, त्यामुळे कुठेही खरेदी केली की हा माणूस यात कमावतो कसा हे डोक्यात फिरतंच. नवरा बोटीवर असतो, सहा-सहा महिने. आम्ही दोघांनी ठरवून ॲडल्ट वस्तू (म्हणजे सेक्स टॉय) घेतली, आधी ऑनलाइन आणि नंतर कळंगुट-बागा रस्त्यावरच्या एका लहान दुकानातून, आणि या विषयावर बायका मराठीत उघड लिहीतच नाहीत म्हणून सगळं सविस्तर सांगते.

ऑनलाइनचं पार्सल खरंच चांगलं आलं. साधा खाकी पुठ्ठा, पाठवणाऱ्याचं नाव कुठल्यातरी ट्रेडिंग कंपनीचं, बिलावर नुसतं 'पर्सनल मसाजर'. कुरियरवाल्याने "ताई, खंय येवपाचें?" एवढंच विचारलं आणि देऊन गेला. किंमत 2,800. पण वस्तू थोड्याच दिवसांत चार्ज घेईना. कस्टमर केअरला लिहिलं तर म्हणे सील फुटलंय, रिटर्न नाही, आणि वॉरंटी हवी असेल तर वस्तूचा चालू-बंद करतानाचा व्हिडिओ पाठवा. अहो, कुठल्या बाईने असा व्हिडिओ अनोळखी नंबरवर पाठवायचा? नाही पाठवला, पैसे बुडाले. आणि कंपनीला हे पक्कं माहीत असतं की या वस्तूसाठी ग्राहक आयोगाकडे कोणी जाणार नाही.

आता त्यांची बाजू पण बघा. लोकांना वाटतं वेबसाइटला भाडं नाही म्हणजे सगळा नफाच. तसं नाहीये. फेसबुक-इन्स्टावर या वस्तूंची जाहिरात चालत नाही, पेमेंट गेटवेवाले ॲडल्ट माल म्हटला की हात वर करतात, म्हणून कॅश ऑन डिलिव्हरीवर भर द्यावा लागतो आणि तिथेच खरी गळती आहे. माणूस रात्री ऑर्डर टाकतो, कुरियर दुपारी येतो, तेव्हा घरात सासू असते, मग "आम्ही काही मागवलं नाही" म्हणून पार्सल परत. याला आरटीओ, म्हणजे 'रिटर्न टू ओरिजिन' म्हणतात, जाण्याचा आणि येण्याचा दोन्ही खर्च विकणाऱ्याच्या माथी. तो खर्च शेवटी माझ्यासारख्या पार्सल घेणाऱ्याच्या किंमतीतच येतो.

दुकानात मी 3,400 दिले, म्हणजे 600 जास्त, आणि ते वसूल झाले असं माझं मत आहे. काउंटरवर सावंतवाडीची मुलगी होती, मराठीतच बोलली, कुठेही हसणं नाही की आवाज खाली करणं नाही. वस्तू बॉक्समधून काढून चार्जिंगला लावून, चालू करून दाखवली. मऊ जेली प्लास्टिकचं स्वस्त मॉडेल मी हातात घेतलं तर म्हणाली, "ताई, हे नको, याला छिद्रं असतात, धुवून पण नीट साफ होत नाही, मेडिकल सिलिकॉनचंच घ्या. आणि त्यावर सिलिकॉनचं ल्युब (वंगण) लावू नका, वरचा थर खराब होतो, वॉटर-बेस्ड वापरा." हे मला वेबसाइटच्या चमकदार फोटोंखाली कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

पण हिशेब मांडला की या दुकानाची काळजी वाटते. भाडं बारा महिन्यांचं, धंदा सीझनचा. गिऱ्हाईक बहुतेक पुण्या-मुंबईची वीकेंडची जोडपी, गावातलं माणूस ओळखीच्या भीतीने पायरी चढत नाही. माल रोख घ्यायचा, न खपलेला परत जात नाही. आणि डोक्यावर परवान्याची टांगती तलवार. 14 फेब्रुवारी 2021 ला इथेच कळंगुटात 'कामा गिझमोज' हे असंच ॲडल्ट वस्तूंचं दुकान उघडलं होतं, देशभर बातम्या आल्या, पण तक्रारी झाल्या, पंचायतीने ट्रेड लायसन्स नाही म्हणून मार्चमध्ये बंद करायला लावलं. त्याआधी 2013 ला कांदोळीच्या किनाऱ्यावर प्लेबॉय क्लब यायचा होता, तो पण पर्रीकर सरकारने नाकारला, कारण शॅकचा (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलचा) परवाना व्यक्तीला मिळतो, कंपनीला नाही. म्हणजे इंटिरियर, डिपॉझिट, स्टॉक सगळं गुंतवून झाल्यावर एका तक्रारीत शटर खाली येऊ शकतं. भिवंडीच्या गोदामातून माल पाठवणाऱ्याला कळंगुटच्या पंचायतीचं काही देणंघेणं नसतं.

कायदा अजून धूसर आहे पण पूर्ण विरोधात नाही. मार्च 2024 मध्ये मुंबई हायकोर्टाने, म्हणजे आपल्याच हायकोर्टाने, बॉडी मसाजरना अश्लील ठरवून कस्टम्सने जप्त करणं चुकीचं म्हटलं. कंडोमवर तर जीएसटीच शून्य आहे. मग नियमाने लायसन्स मागणाऱ्या दुकानदाराला ते सरळ का मिळू नये? पंचायतींनी फार्मसीकडे बघतात तसंच याच्याकडे पण बघावं असं मला मनापासून वाटतं, कारण प्रश्न विचारायला जागा फक्त दुकानातच मिळते.

कंडोम आणि ल्युब ऑनलाइन मागवा, सीलबंद असतं आणि स्वस्त पडतं. मोटर असलेलं काहीही दुकानातून, समोर चालू करून, पक्कं बिल घेऊन. पार्किंग अजिबात नाही, गाडी लांब लावून चालत जा. बायका एकट्या गेल्या तरी चालेल, मी एकटीच गेले होते. पावसाळ्यात संध्याकाळीच उघडतात, फोन करून निघा.